निविदा निघण्याआधी

आमचा कारखाना कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पाणीपुरवठा योजनांना लागणारे बिडाचे व्हॉल्व्ह आम्ही बनवतो. स्लूस व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह. या मालाला घरगुती गिऱ्हाईक नाही. तीनशे मिलिमीटरचा व्हॉल्व्ह लागतो तो महापालिकेला, नगरपरिषदेला, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाला किंवा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला. त्यामुळे सरकारी कामात उतरायचं की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही. कसं उतरायचं, एवढाच होता.

आता कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची तरुण मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांची समजूत अशी असते की निविदा ऑनलाइन कशी भरायची हे कळलं की काम झालं. खरं तर निविदा भरणं हे शेवटचं काम. ती ज्या दिवशी निघते त्या दिवशी कोण पात्र आणि कोण बाद हे बरंचसं ठरून गेलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी त्यामागे लबाडीच असते असं नाही. कुणी आधीपासून तयार असतो, कुणी नसतो. ही तयारी म्हणजे नेमकं काय, ते माझ्या अनुभवातून सांगते.

१. आधी माल प्रमाणात बसवा

सरकारी अभियंत्याला माल आवडला म्हणून घेता येत नाही. उद्या लेखापरीक्षण झालं तर अमुकच माल का घेतला याचं उत्तर त्याला कागदावर द्यावं लागतं. भारतीय मानक हे ते उत्तर. पाणीपुरवठ्याच्या स्लूस व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४६ हे मानक आहे, त्यातल्या बिडाच्या प्रतीसाठी आयएस २१०. निविदेत हे आकडे असतातच. तुमच्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि व्हॉल्व्हवर आयएसआयची खूण नसेल, तर माल कितीही चांगला असो, पहिल्या, म्हणजे तांत्रिक लिफाफ्यातच तुम्ही बाहेर पडता.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांबद्दल मला अभिमान आहे. उद्यमनगरात शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी ऑइल इंजिनं उभी केली. पण हाताला जे येतं ते वहीत उतरवायची सवय आपल्याला कमी. कोणत्या हीटमधून, म्हणजे भट्टीच्या कोणत्या वितळणीतून, कोणतं कास्टिंग निघालं, त्या हीटचा टेस्ट बार किती ताणाला तुटला, बॉडीची दीडपट दाबाला चाचणी झाली तेव्हा गेज कोणता होता आणि त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं, हे सगळं कुणीही विचारेल तेव्हा दाखवता आलं पाहिजे. आम्ही कास्टिंगवरच हीट नंबर उठवायला लागलो तेव्हा मोल्डिंगवाल्यांनी कुरकुर केली. पुढे एका मोठ्या शहराच्या योजनेत त्रयस्थ तपासणीला आलेल्या अभियंत्याने कुठलाही एक व्हॉल्व्ह बाजूला काढायला सांगितला, आणि त्याच्या हीट नंबरवरून मागची नोंद आम्ही जागेवर काढून दिली. त्या तपासणीनंतर त्या विभागातून आमच्या मालाबद्दल कधी शंका आली नाही.

प्रयोगशाळा, तिथला प्रशिक्षित माणूस, परवान्याचं दरवर्षीचं शुल्क या सगळ्याला पैसे लागतात. पहिली ऑर्डर हाती येण्याआधी लागतात. ज्याला हा खर्च परवडत नाही, त्याने निदान सुरुवातीला परवानाधारक कारखान्याला कास्टिंग पुरवावं. त्यात कमीपणा नाही.

२. कंत्राट दुसऱ्याचं, माल आपला

हा मुद्दा नव्या उद्योजकांच्या लक्षात फार उशिरा येतो. एखाद्या गावाची किंवा शहराची पाणी योजना म्हणजे विहीर किंवा जॅकवेल, पंप, शुद्धीकरण केंद्र, उंच टाकी, जलवाहिन्या, असं सगळं मिळून एक काम. त्याची निविदा ठेकेदाराला मिळते. त्या रकमेत व्हॉल्व्हचा वाटा लहान. मी ती निविदा भरू शकत नाही, आणि भरूही नये. मला जायचं असतं ते मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीत. विभागाच्या किंवा सल्लागाराच्या कागदपत्रांत अमुक वस्तू या-या कंपन्यांचीच चालेल अशी यादी असते. ठेकेदार कोणीही येवो, तो व्हॉल्व्ह त्या यादीतूनच घेणार.

या यादीत शिरायला वेळ लागतो. आधी लहान नगरपरिषदांना माल द्यावा. तो वर्ष-दोन वर्षं जमिनीखाली नीट चालू द्यावा. मग त्या कार्यालयातून समाधानकारक कामगिरीचा दाखला घ्यावा. हा दाखला मागायला लोक संकोचतात आणि पाच वर्षांनी मागायला जातात. तोवर अभियंता बदलून गेलेला असतो आणि नव्या साहेबांना तुमचं नावही ठाऊक नसतं. माल बसला, चालला, की पहिल्या वर्षातच दाखला घ्या. त्यावर व्हॉल्व्हचा आकार, दाबाचा वर्ग, नग आणि आदेश क्रमांक येईल असं पाहा, कारण पुढच्या निविदेत पात्रता ठरते ती याच चार गोष्टींवर. नुसतं ‘माल चांगला होता’ असं पत्र कपाटात पडून राहतं.

यादीत नाव आलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. आपला ग्राहक आता सरकार नसतो, ठेकेदार असतो. त्याचं बिल निघालं तर आपले पैसे निघतात. म्हणून काम कोणाला लागलं आहे, त्याची आधीची कामं कशी झाली, त्याने पाइपवाल्याचे पैसे दिले का, याची चौकशी मी ऑर्डर घेण्याआधी करते. पाइपवाला, पंपवाला आणि व्हॉल्व्हवाला यांनी एकमेकांशी बोलत राहावं. त्रयस्थ तपासणी झाल्यावर, गाडी भरण्याआधी पैसे, ही अट मी नव्या ठेकेदाराबाबत सोडत नाही. काही ऑर्डरी त्यामुळे जातात. जाऊ देते.

३. अंदाजपत्रकं वाचा

निविदेची जाहिरात पाहून पळणाऱ्याला पंधरा-वीस दिवस मिळतात. अंदाजपत्रक वाचणाऱ्याला वर्ष मिळतं. महापालिकेचं अंदाजपत्रक, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा, केंद्राच्या योजना, हे सगळं उघड असतं. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ची, माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट. शहरांसाठीचं अमृत २.० ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. ज्यांनी हे वाचून त्याच वर्षी साचे आणि परवाने वाढवले, त्यांच्याकडे पुढे माल तयार होता. बाकीचे निविदा निघाल्यावर परवान्याचा अर्ज करत बसले.

कामाचा प्रवासही ठरलेला असतो. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. तांत्रिक मान्यता झाली की कुठल्या आकाराचे किती व्हॉल्व्ह हे ठरून गेलेलं असतं. आमच्याकडे एक मुलगी आठवड्याला दोन दिवस फक्त हेच वाचते. तिचा पगार मी विक्रीच्या खर्चात धरते.

४. सवलतींचा कागद पूर्ण वाचा

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२ चा आहे. केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी असं त्यात आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिला उद्योजकांकडून. आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल आणि सर्वांत कमी दरवाला लघुउद्योग नसेल, तर त्या दराला यायला तयार झाल्यास कामाचा काही भाग आपल्याला मिळू शकतो. निविदा संच मोफत, बयाणा रक्कम माफ.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कुणी वाचत नाही. हा आदेश व्यापाऱ्याला लागू नाही, उत्पादन किंवा सेवा स्वतःची हवी. बांधकामाच्या ठेक्यांना तो लागू नाही. माफी बयाणा रकमेला आहे, काम मिळाल्यावर भरायच्या सुरक्षा अनामतीला नाही. आणि आदेश केंद्राचा आहे. राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद यांचे खरेदीचे नियम वेगळे, तिथे राज्याच्या शासन निर्णयाचा क्रमांक दाखवावा लागतो. महापालिकेच्या निविदेत केंद्राचा आदेश जोडून बयाणा न भरता बाद झालेले कारखानदार मी पाहिले आहेत.

महिलांच्या वाट्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. घरातल्या बाईच्या नावावर उद्यम नोंदणी काढायची, सही तिची घ्यायची आणि तिला फौंड्रीचं तोंडही दाखवायचं नाही, हा प्रकार सर्रास चालतो. कारखाना बुडाला की बँकेची नोटीस तिच्या नावावर येते. सही करणाऱ्या प्रत्येक बाईने ताळेबंद वाचायला मागितला पाहिजे. न दाखवणाऱ्यासाठी सही करू नये.

५. हरकत घ्यायची ती निविदापूर्व बैठकीत

एका नगरपरिषदेच्या निविदेत कामाच्या मानाने कितीतरी मोठी उलाढाल मागितली होती आणि आतल्या लेपासाठी एकाच कंपनीचं ब्रँडनाव लिहिलं होतं. शिरोलीतले चार-पाच जण चिडले. त्यांनी चहाच्या टपरीवर चर्चा केली आणि निविदा भरली नाही. आम्ही मुदतीत पत्र दिलं. भाषा साधी ठेवली. मानकात लेपासाठी काय म्हटलं आहे ते कलमासह लिहिलं, ब्रँडऐवजी लेपाची जाडी आणि चाचणी लिहावी अशी विनंती केली, आणि कमी उलाढालीच्या अटीने किती जास्त उत्पादक भाग घेऊ शकतील हे मांडलं. शुद्धिपत्रक निघालं. दोन्ही अटी बदलल्या. ते काम आम्हाला मिळालं नाही, दुसऱ्या एका कोल्हापूरच्याच कारखान्याला मिळालं, आणि तरीही ते पत्र दिल्याचं मला समाधान आहे.

निकाल लागल्यावर कोर्टात जाण्याची भाषा करणाऱ्यांना मी एकच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणात सांगून ठेवलं आहे की न्यायालय निर्णय घेण्याची पद्धत तपासेल, सरकारच्या निर्णयावर अपील म्हणून बसणार नाही. तुम्ही अट मान्य करून निविदा भरली आणि हरल्यावर ती अट चुकीची म्हणालात, तर तुमचं ऐकायला फारसं कुणी नसतं. वेळेत दिलेलं, पोच घेतलेलं पत्र हीच तुमची बाजू.

६. कागद वर्षभर तयार ठेवा

डिजिटल स्वाक्षरीची मुदत, सनदी लेखापालाचा उलाढालीचा दाखला, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, परवान्याच्या नूतनीकरणाची प्रत. यातला एक कागद जुना निघाला तर तुमचा आर्थिक लिफाफा उघडतच नाही. राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर शेवटच्या दिवशी संध्याकाळी अपलोड करायला बसू नका. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ पासून आहे, तिथे नाव नोंदवणं सोपं, पण तपशील अर्धवट भरलेली वस्तू खरेदीदाराच्या शोधात येतच नाही. उत्पादक म्हणून पडताळणी करून घ्या, नाहीतर व्यापाऱ्यांच्या गर्दीत हरवाल.

७. तळाचा दर घरी ठरवा

सर्वांत कमी दराची शर्यत कुणालाच आवडत नाही, पण ती आहे. आम्ही दर काढताना माल, मजुरी, वीज, वाहतूक तर धरतोच. त्याशिवाय त्रयस्थ तपासणीचं शुल्क, अनामत अडकून पडण्याचं व्याज, दोष दायित्व काळातल्या दुरुस्त्या, आणि उशीर झाला तर लागणारा दंड धरतो. अनेक पुरवठा आदेशांत हा दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के असतो. सरकारी खातं थेट खरेदीदार असेल तर अडीच लाखांवरच्या करारात जीएसटीचे २ टक्के कापून देतं. ते पुढे आपल्या खात्यात जमा होतात, पण तोवर खेळतं भांडवल तेवढं कमी होतं.

पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव सहा महिन्यांत कुठल्या कुठे जातात. भाववाढीचं कलम नसलेल्या निविदेत आम्ही दराची वैधता आणि पुरवठ्याचा काळ पाहूनच आकडा टाकतो. ऑनलाइन उलट्या लिलावात समोर आकडा खाली सरकत असताना माणसाला ईर्ष्या चढते. म्हणून आमचा तळाचा दर आदल्या दिवशी कागदावर लिहून, मी आणि आमचे हिशेबनीस दोघं सही करतो. लिलावाच्या वेळी त्याखाली जायचा अधिकार मलाही नाही.

अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के खाली जाऊन काम घेणाऱ्यांचं पुढे काय होतं ते गावोगावी दिसतं. व्हॉल्व्हची स्पिंडल बारीक होते, गनमेटलच्या जागी पितळ येतं, आणि तीन वर्षांनी गावाला टँकर लागतो. फार खालचा दर टाकणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेण्याची अट त्यासाठीच आहे. ती कडकपणे वसूल व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

८. रिंग आणि टक्का

यावर लेखांमधून कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. ‘मॅडम, या वेळी तुम्ही वरचा दर टाका, पुढच्या वेळी आम्ही टाकतो,’ असा फोन या धंद्यात प्रत्येकाला येतो. त्याला गावाकडे समजूतदारपणा म्हणतात. कायद्यात त्याला बोलीतलं संगनमत म्हणतात. २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असं संगनमत केल्याबद्दल कंपन्यांना दंड केला. नुसता पाठिंबा म्हणून वरचा दर टाकणारेही त्यात सुटले नाहीत. आपल्याच पश्चिम महाराष्ट्रातलं उदाहरण आहे, दिल्ली-मुंबईच्या बड्यांचं नाही.

टक्क्याचंही तसंच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच बचाव मिळतो. हे कलम मी आमच्या विक्रीच्या मुलांना वाचून दाखवते. एका कार्यालयात आमचं बिल टक्का न दिल्यामुळे टेबलावर पडून राहिलं. आम्ही माहिती अधिकारात फाइलचा प्रवास मागितला, तारखांसह. बिल निघालं. त्या कार्यालयातून पुढची ऑर्डर यायला फार काळ गेला, हेही खरं आहे. सरळ वाटेने चाललं की काही दारं बंद होतात. उरलेल्या दारांवर धंदा चालतो का? आमचा चालला आहे, आणि आमच्या आसपास असे बरेच कारखाने आहेत.

अभियंत्यांशी संबंध ठेवावेत, पण काम नसताना. जुना व्हॉल्व्ह जाम झाला म्हणून फोन आला तर माणूस पाठवावा, हमीचा काळ संपला असला तरी. शाखा अभियंता पुढे उपअभियंता होतो, मग कार्यकारी अभियंता. रात्री गावाचं पाणी बंद असताना कोण आलं होतं, हे तो विसरत नाही.

९. पैसे

सगळ्यात अवघड हेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, दरमहा आकारणीने. हे सरकारी खात्याला लागू आहे आणि ठेकेदारालाही. थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठी समाधान पोर्टल २०१७ पासून आहे, तिथून तक्रार सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेचा निवाडा विरोधात गेला तर खरेदीदाराला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मात्र उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, आणि बांधकामाच्या ठेक्यांना या कायद्याचा आधार मिळत नाही असे न्यायालयांचे निकाल आहेत. केंद्रीय उपक्रमांना माल देत असाल तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल चढवा. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे थोड्या दिवसांत हाती येतात.

तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने बहुतेक जण गप्प बसतात. भीती खोटी नाही. आम्ही ठेकेदारांविरुद्ध तक्रार करतो, आणि सरकारी कार्यालयांना आधी व्याजाच्या हिशेबासह स्मरणपत्र पाठवतो. पुष्कळदा तेवढ्यानेच फाइल हलते.

तरीही जिथे निधीच नाही तिथे कायदा काय करणार? २०२५ मध्ये जलजीवनची आणि इतर खात्यांची देयकं थकली म्हणून राज्यातले ठेकेदार रस्त्यावर उतरले. त्यांच्यामागे आमच्यासारखे पाइपवाले, व्हॉल्व्हवाले, पंपवाले होते, आणि आमच्यामागे मोल्डिंगचे कामगार. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढली, पण बँकेच्या हप्त्याची मुदत कुणी वाढवली नाही. म्हणून कोणत्याही एका योजनेवर आमची निम्म्याहून जास्त विक्री जाऊ द्यायची नाही, हा नियम आम्ही पाळतो.

उद्योजकांनी काय करावं ते लिहिलं. एक मागणी सरकारकडे आहे. ज्या कामाचा निधी हाती नाही, त्याचा कार्यारंभ आदेश काढू नका.